मॅरियन क्रेनचा हिशेब

गेल्या उपवासकाळात आमच्या धर्मग्रामातील युवकांनी सभागृहात एक जुना चित्रपट दाखविला: आल्फ्रेड हिचकॉक यांचा १९६० सालचा ‘सायको’. परवानगी आम्हीच दिली होती, तेव्हा जबाबदारीही आमचीच. आठवडा उलटण्याच्या आत आमच्या टेबलावर दोन पत्रे येऊन पडली. पहिले पत्र एका वयोवृद्ध सद्‌गृहस्थांचे. उपवासाच्या दिवसांत, ख्रिस्तसभेच्या आवारात, न्हाणीघरातील उघड्या बाईचा खून तरुण मुलामुलींना दाखविणे धर्मगुरूंना कसे शोभले, असा त्यांचा परखड सवाल. दुसरे पत्र महाविद्यालयात शिकणाऱ्या एका तरुणाचे. चित्रपट संपल्यावर आम्ही जी चर्चा घडवून आणली तिच्यावर त्याचा रोष. जगन्मान्य कलाकृतीला पापनिवेदनाच्या खुर्चीपुढे गुडघे टेकायला लावू नये, असे त्याने बजावले होते आणि पुराव्यादाखल न्हाणीघराच्या त्या प्रसंगासाठी कॅमेरा किती वेळा हलविला गेला याचा आकडाही दिला होता.

दोघांचेही आम्ही मनापासून आभार मानतो. हल्ली धर्मगुरूंना रागावून पत्र लिहिण्याइतकी आस्था कोण दाखवितो? परंतु आमचे उत्तर दोघांनाही एकच आहे. एक जण डोळ्यांवर हात घेऊन आणि दुसरा हातात मोजपट्टी घेऊन, असे हे दोघेही एकाच न्हाणीघरात अडकून पडले आहेत. आणि ते एकटे नाहीत. गेली साठ-पासष्ट वर्षे या चित्रपटाचे जे स्वागत झाले, ते बहुतेक सगळे त्याच चार भिंतींच्या आत झाले.

इतिहास थोडक्यात सांगतो. रॉबर्ट ब्लॉक यांची ‘सायको’ ही कादंबरी १९५९ साली प्रसिद्ध झाली. हिचकॉक यांनी आपले नाव कळू न देता अवघ्या नऊ हजार डॉलर्सना तिचे हक्क घेतले, जोसेफ स्टेफानो यांच्याकडून पटकथा लिहून घेतली आणि आपल्या दूरचित्रवाणी मालिकेतली मंडळी हाताशी धरून सुमारे आठ लाख डॉलर्समध्ये कृष्णधवल चित्रपट पुरा केला. जून १९६० मध्ये तो न्यूयॉर्कला लागला. खेळ सुरू झाल्यावर कोणालाही आत सोडायचे नाही असा दंडक घातला होता. समीक्षकांसाठी वेगळा खेळ ठेवलाच नाही. त्यांनाही रांगेतल्या माणसांबरोबर आत जावे लागले, आणि हा अपमान त्यांच्यापैकी कित्येकांच्या लिखाणात उतरला. न्यूयॉर्क टाइम्सच्या बॉस्ली क्रॉदर यांनी पहिल्या परीक्षणात नाक मुरडले, आणि वर्ष संपताना तोच चित्रपट त्या वर्षीच्या दहा उत्तम चित्रपटांच्या आपल्या यादीत घातला. लंडनच्या ऑब्झर्व्हरमधील ज्येष्ठ समीक्षिका सी. ए. लेजून तर शेवट होण्यापूर्वीच उठून गेल्या. प्रेक्षक मात्र किंचाळत होते, हसत होते आणि पुन्हा तिकीट काढीत होते.

आता आपल्या घरचे पाहू. पोप पायस अकरावे यांनी १९३६ साली चित्रपटांविषयी परिपत्रक काढले. त्याच सुमारास अमेरिकेतील कॅथलिकांची ‘लीजन ऑफ डिसेन्सी’ ही संघटना जोरात होती. वर्षातून एकदा मिस्साच्या वेळी सारे श्रद्धावंत उभे राहून वाईट चित्रपट न पाहण्याची प्रतिज्ञा घेत, आणि संघटना प्रत्येक चित्रपटाला अक्षर देत असे. ‘सायको’ला ‘बी’ मिळाले. म्हणजे सर्वांसाठी अंशतः आक्षेपार्ह. हॉलिवूडच्या स्वतःच्या नियंत्रकांमध्येही वाद झाला तो हाच, की त्या बाईचे अंग दिसते की दिसत नाही. एकाच पडद्यावरची तीच फीत पाहून काहींना दिसले, काहींना दिसले नाही! दुसरा वाद शौचकूपाचा. अमेरिकन चित्रपटात शौचकूपात पाणी सोडलेले तोवर सहसा दाखवीत नसत, म्हणून सभ्य माणसे अस्वस्थ झाली.

त्या पाण्यातून काय वाहून गेले, हे मात्र फारच थोड्यांनी विचारले.

आम्ही सांगतो. एक फाडलेला कागद वाहून गेला. त्या कागदावर एक वजाबाकी होती: चाळीस हजारांतून सातशे वजा, बाकी एकोणचाळीस हजार तीनशे. या वजाबाकीपाशी आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण आमच्या मते हा चित्रपट तेथे आहे, न्हाणीच्या पडद्यामागे नाही.

मॅरियन क्रेन ही फिनिक्स शहरातील एका घरजमिनीच्या व्यवहार-कचेरीत काम करणारी साधी नोकरदार स्त्री. तिचे ज्याच्यावर प्रेम आहे तो सॅम मृत बापाचे कर्ज आणि आधीच्या बायकोची पोटगी यांत बुडालेला. लग्न पुढे पुढे जाते आहे. एका शुक्रवारी दुपारी एक गिऱ्हाईक दारूच्या तारेत चाळीस हजारांची रोकड तिच्या टेबलावर फेकते. मुलीच्या लग्नात भेट द्यायचे घर म्हणून. मालक तिला ती रक्कम बँकेत ठेवायला सांगतो. ती ठेवीत नाही. पैसे घेऊन मोटारीने सॅमच्या गावाकडे निघते. वाटेत पोलीस हटकतो, ती घाबरते, जुनी मोटार देऊन वर सातशे डॉलर्स मोजून दुसरी घेते. रात्री पाऊस लागतो आणि ती हमरस्त्यापासून दूर पडलेल्या एका ओसाड मोटेलात उतरते. नोंदवहीत खोटे नाव लिहिते.

यानंतर जे घडते ते एखाद्या पापनिवेदन ऐकणाऱ्याच्या कानाने ऐकावे. मोटेल चालविणारा लाजाळू तरुण नॉर्मन बेट्स तिच्यासाठी सँडविच आणि दूध आणतो. पेंढा भरलेल्या पक्ष्यांच्या खोलीत दोघे बोलत बसतात. माणसे आपापल्या सापळ्यात कशी अडकतात याविषयी तो बोलतो, आणि ऐकता ऐकता तिला स्वतःचा सापळा दिसतो. उद्या फिनिक्सला परत जाते, असे ती म्हणते. मागे एका सापळ्यात पाऊल टाकून बसले आहे, फार उशीर होण्यापूर्वी ते सोडवून घ्यायचे आहे. निघताना तो आडनाव विचारतो आणि तिच्या तोंडून खरे आडनाव निघून जाते: क्रेन. वहीत खोटे, ओठांवर खरे. मग खोलीत जाऊन ती पेन्सिल घेते आणि खर्च झालेल्या सातशे डॉलर्सचा हिशेब मांडते; तेवढे तर भरून द्यावेच लागतील.

सेमिनरीत आम्हांला शिकविले की प्रायश्चित्ताला नुसते डोळ्यांतले पाणी पुरत नाही. मनःपूर्वक खेद हवा, कबुली हवी आणि झालेली हानी भरून देण्याची तयारी हवी. जक्कयाने भर रस्त्यात येशूला सांगितले तेही रकमेच्या भाषेतच. कोणाही धर्मगुरूने, कोणत्याही मिस्सामध्ये न सांगता, ही कारकून बाई एका पेन्सिलीने त्याच मुक्कामाला पोहोचते. मग ती न्हायला जाते. तोंडावर पाणी घेताना तिचा चेहरा पाहा. साऱ्या चित्रपटात तो एवढा मोकळा पुन्हा दिसत नाही. वृद्ध सद्‌गृहस्थांनी तिचे खांदे पाहिले, तरुण मित्राने कॅमेऱ्याच्या जागा मोजल्या. चेहरा कोणी पाहिला?

आमच्या सभागृहातील चर्चेत एका भगिनींनी सहज उद्‌गार काढले, “चोरी केली, तिचे फळ मिळाले, फादर.” हा उद्‌गार पत्रांतल्या दोन्ही आक्षेपांपेक्षा आम्हांला अधिक बोचला. वास्तविक गोष्टीचा क्रम तरी पाहावा! पैसे घेऊन पळाली तेव्हा तिला कोणी मारले नाही. पोलिसाने सोडले, मोटार विकणाऱ्याने सोडले, पावसाने सोडले. मारली गेली ती परत फिरायचे ठरविल्यानंतर. उधळा पुत्र डुकरांमधून उठला, बापाच्या घराची वाट धरली, आणि निम्म्या वाटेवर कोणीतरी त्याला ठार केले, तर आपण काय म्हणू? फळ मिळाले म्हणू? बाप तर उंबऱ्यावर वाट पाहत उभा राहील. देवाने तिला शिक्षा केली असे ज्यांना वाटते त्यांनी आपला देव एकदा तपासून घ्यावा, याहून सौम्य शब्द आम्हांला सापडत नाहीत.

येथे थोडे विषयांतर, पण ते टाळता येत नाही. काही वर्षांपूर्वी, आम्ही दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, तेथील एका तरुण स्त्रीचा खून झाला. मयताच्या घरी आम्ही दोन दिवस जाऊन-येऊन होतो. सांत्वनाला येणारी माणसे ओटीवर टेकता टेकता विचारीत: वार किती होते? हत्यार मिळाले का? तो आधीपासूनच वेडसर होता का? त्याच्या घरचे कसे होते? दोन दिवसांत खुन्याचे बालपण साऱ्या आळीला पाठ झाले. तिची आई आतल्या खोलीत बसून होती. मुलीविषयी तिला कोणी एक शब्द विचारला नाही. आम्हीही नाही, कारण आम्ही अंत्यविधीच्या व्यवस्थेत होतो. तिसऱ्या दिवशी आईने आम्हांला एक वही दाखविली. मुलगी शिवणकाम करी. कोणाचे कोणते कापड आले, कोणी आगाऊ किती दिले, हे तिने वहीत नीट लिहून ठेवले होते. ती वही आणि कापडांचे बोचके घेऊन आई पुढे महिनाभर घरोघर जाऊन आगाऊ घेतलेले पैसे परत करीत होती. वार किती होते हे त्या गावात आजही कोणीही सांगेल.

‘सायको’ पाहताना आम्हांला ती वही आठवते, हा दोष आमचा असेल. पण तरुण मित्रा, तू म्हणतोस तसे कलेला निव्वळ कला म्हणून पाहायचे, तरीही हिशेब चुकतोच. त्या प्रसंगासाठी कॅमेऱ्याच्या अठ्ठ्याहत्तर जागा आणि बावन्न तुकडे, हे आम्हांलाही ठाऊक आहे. चित्रीकरणाला सात दिवस लागले आणि पडद्यावर खून पाऊण मिनिटात आटोपला, हेही. २०१७ साली त्या आकड्यांचेच नाव घेऊन निव्वळ त्या एका प्रसंगावर दीड तासाचा अनुबोधपट निघाला. रक्त म्हणून चॉकलेटचा पाक वापरला, बर्नार्ड हरमन यांनी केवळ तंतुवाद्यांवर ती किंकाळी उभी केली. हे सारे कौतुकाचे आहेच. हिचकॉक यांनी स्वतः त्रुफो यांच्याशी झालेल्या प्रदीर्घ मुलाखतीत आपल्याला कथेची वा अभिनयाची मातब्बरी नाही, फितीचे तुकडे आणि ध्वनी यांनी प्रेक्षक किंचाळला यातच समाधान आहे, अशा आशयाचे सांगितले. पण मग १९९८ साली गस व्हान सँट यांनी तोच चित्रपट जवळजवळ एकेक दृश्य गिरवून पुन्हा काढला, तेव्हा तो का पडला? मोजमाप तर सगळे तेच होते.

मूळ कादंबरी नॉर्मनपासून सुरू होते. तिच्यातला नॉर्मन चाळिशीचा, स्थूल, चष्मा लावणारा. वाचकाला त्याच्याविषयी फारसे ममत्व वाटू नये असा. चित्रपट सुरू होतो मॅरियनपासून, आणि जवळजवळ पाऊण तास तिचा हात सोडीत नाही. अँथनी पर्किन्स यांचा कोवळा, अवघडलेला नॉर्मन नंतर येतो. ही अदलाबदल कशासाठी? आपण तिच्यावर जीव लावावा म्हणूनच ना? आणि तरी पुरस्कारांच्या वेळी जॅनेट ली यांना ऑस्करचे नामांकन मिळाले ते साहाय्यक अभिनेत्री म्हणून. असो.

खरी कसोटी पुढेच आहे. खून झाल्यावर नॉर्मन न्हाणीघर धुतो. पुसतो, गुंडाळतो, प्रेत मोटारीच्या डिकीत ठेवतो, वर्तमानपत्रात गुंडाळलेले पैसे नकळत त्याच डिकीत टाकतो आणि मोटार दलदलीत लोटतो. मोटार बुडू लागते आणि मध्येच थांबते. त्या क्षणी सभागृहात काय होते ते आम्ही पाहिले आहे: सगळ्यांचा श्वास अडकतो. मोटार बुडावी असे प्रत्येकाला वाटते! जिच्यासाठी दहा मिनिटांपूर्वी किंकाळी फोडली तिचे प्रेत चिखलात गडप व्हावे, म्हणून आपण मनातल्या मनात ढकलत असतो. मोटार बुडते, आणि आपण सुस्कारा सोडतो.

सेमिनरीत असताना आम्ही हा चित्रपट प्रथम पाहिला, भाड्याने आणलेल्या व्हिडिओ कॅसेटवर. तेव्हा त्या जागी आम्ही सारे हसलो होतो, सुटकेचे हसू. मॅरियन कोण होती हे आमच्यापैकी कोणाच्याही ध्यानात उरले नव्हते. पुढे आमचे धर्मगुरू होणार होते! त्या हसण्याची आठवण आली की आम्ही आजही अस्वस्थ होतो, आणि म्हणूनच युवकांना हा चित्रपट उपवासकाळात पाहू दिला. मनःपरीक्षणाची एवढी चोख सोय आमच्या कोणत्याही प्रवचनात नाही.

नॉर्मनचे पुढे फार चांगले झाले. त्याच्यावर उत्तर-चित्रपट निघाले. त्याच्या तारुण्याची कथा सांगणारी ‘बेट्स मोटेल’ ही मालिका २०१३ ते २०१७ पर्यंत चालली. ब्लॉक यांना ज्या खऱ्या गुन्हेगाराच्या बातम्यांवरून कादंबरी सुचली, त्या विस्कॉन्सिनच्या एड गीनला १९५७ साली पकडले होते. २०२५ साली त्याच्यावरही भलीमोठी मालिका निघाली आणि जगभर घरोघर पाहिली गेली. आपल्याही घरांत पाहिली गेली असेल. गीनने ज्या दोन स्त्रियांना मारले त्यांची नावे ती मालिका पाहणाऱ्यांपैकी किती जण सांगू शकतील? एक हार्डवेअरचे दुकान चालवीत होती, दुसरी गुत्ता. दोघी सकाळी उठून दुकान उघडणाऱ्या बायका होत्या.

हिचकॉक हे लंडनच्या येशूसंघीय शाळेत शिकलेले कॅथलिक. एरिक रोमेर आणि क्लोद शाब्रोल या फ्रेंच लेखकांनी १९५७ सालीच त्यांच्यावर पुस्तक लिहून अपराधभावना आणि कबुली हे त्यांच्या चित्रपटांचे बीज असल्याचे दाखविले होते. ‘आय कन्फेस’ हा पापनिवेदनाचे रहस्य प्राणपणाने जपणाऱ्या धर्मगुरूवरचा त्यांचा १९५३ चा चित्रपट आमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. १९८० साली मृत्यूपूर्वी त्यांच्या घरी मिस्सा होत असे आणि ख्रिस्तप्रसाद घेताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहे, असे तेथे जाणाऱ्या एका येशूसंघीय धर्मगुरूंनी २०१२ साली लिहिले आहे. म्हणून त्यांना संत ठरवावे असे आम्ही म्हणत नाही. मुलाखतीत माणूस कारागिरीविषयी बोलतो. लहानपणी जे कानांवर पडले ते हातांतून उतरते, एवढेच.

कारण तो कागदाचा कपटा पाहा. पाणी सोडले तरी एक तुकडा चिकटून राहतो. पुढे मॅरियनची बहीण लायला तिला शोधत येते, त्या खोलीच्या न्हाणीघरात शिरते आणि तिला तो तुकडा मिळतो, त्यावर आकडा. मॅरियन तेथे आली होती याचा तो पुरावा. साऱ्या मोटेलात तिच्या अस्तित्वाची साक्ष देते ती तिची परतफेडीची वजाबाकी.

मग कचेरीत मानसरोगतज्ज्ञ येतो आणि नॉर्मनचे मन उलगडून दाखवितो. आई, मत्सर, दुभंगलेले व्यक्तिमत्त्व, सारे ऐटीत. समोर बहीण बसली आहे. चाळीस हजारांचे काय झाले, असे कोणीतरी विचारते. दलदलीत, एवढे उत्तर मिळते. ती परत निघाली होती, हे त्या खोलीत कोणालाच माहीत नाही. माहीत आहे ते फक्त आपल्याला, प्रेक्षकांना.

त्यानंतर कोठडीत बसलेला नॉर्मन, डोक्यात आईचा आवाज, आणि ओठांवर ते प्रसिद्ध हसू. कादंबरी त्या आवाजावर संपते. चित्रपटाची पुस्तकांतली छायाचित्रेही बहुधा त्या हसण्यावरच थांबतात. चित्रपट मात्र तेथे थांबत नाही. तो चेहरा विरतो आणि एक साखळी ताणलेली दिसते. चिखलातून मॅरियनची मोटार वर खेचली जात आहे, डिकीची बाजू पुढे. शेवटचे दृश्य तिचे आहे.

आमच्या सभागृहात त्या रात्री नॉर्मन हसला आणि कोणीतरी दिवे लावले. खुर्च्या सरकल्या, मुले उठली, पडद्यावरचे पुढचे काही फिकट झाले. पुढील उपवासकाळात चित्रपट पुन्हा दाखविण्यात येईल. वृद्ध सद्‌गृहस्थांना आणि तरुण मित्राला शेजारी शेजारी पुढच्या रांगेत जागा राखून ठेवली आहे. दिव्यांच्या बटणापाशी आम्ही स्वतः उभे राहू.